स्वतंत्र प्रकाशकांची एकजूट, बडोदे

मोठ्या उद्योगसमूहाच्या, सरकारच्या किंवा पक्षाच्या पैशावर न चालणाऱ्या प्रकाशकांनी छापण्याचा हक्क राखण्यासाठी एकमेकांच्या पाठीशी उभे राहण्याची पद्धत. तिला दरवेळी नाव, घटना आणि वर्गणीची पावतीपुस्तके असतातच असे नाही. कित्येकदा दुसऱ्याचा अडवलेला मजकूर आपल्या यंत्रावर चढवणे एवढेच तिचे रूप असते. बडोद्यात घडलेले या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी पत्राचे नाही, गुजराती पत्राचे आहे. पण बडोद्याच्या मराठी वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही.

हे पत्र म्हणजे ‘भूमिपुत्र’. भूदान व सर्वोदय चळवळीचे हे नियतकालिक बडोद्यातील हुजरात पागा भागातून निघे. हुजरातीची पागा म्हणजे सरकारच्या खास घोडदळाचा तळ. गायकवाडी गेली, घोडे गेले, पत्त्यात मराठी शब्द राहिला. भूदानाचे प्रवर्तक विनोबा भावे यांचे शिक्षणही याच गावात झाले. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागून पूर्वतपासणी, म्हणजे मजकूर छापण्याआधी सेन्सॉरला दाखवण्याची सक्ती, सुरू झाली, तेव्हा गुजरातेत बाबूभाई पटेल यांचे जनता मोर्चाचे, म्हणजे काँग्रेसविरोधी आघाडीचे, सरकार होते. त्यामुळे तिथे इतर राज्यांपेक्षा थोडी मोकळी हवा होती. १२ ऑक्टोबरला अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्य परिषद भरली आणि तिथली भाषणे ‘भूमिपुत्र’ने छापली. सेन्सॉरची कारवाई ओढवली. संपादक चुनीभाई वैद्य गुजरात उच्च न्यायालयात गेले. १९७६ मध्ये न्यायालयाने सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचना कायद्याच्या चौकटीबाहेरच्या ठरवल्या. खरी गंमत पुढे आहे. हा निकालही छापायची सोय नव्हती. अहमदाबादच्या नवजीवन मुद्रणालयाने निकालाची पुस्तिका छापायला घेतली, तर कारवाई तिथवर पोचली. ज्याच्यावर खटला नव्हता त्या छापखान्याने दुसऱ्याच्या खटल्याचा निकाल छापण्यासाठी जोखीम पत्करली, म्हणून या नोंदीत त्याचा मान पहिला. विनोबांच्या तोंडचा ‘अनुशासन पर्व’ (शिस्तीचा काळ) हा शब्द सत्ताधारी तेव्हा आणीबाणीच्या समर्थनासाठी मिरवत होते. विनोबांच्याच चळवळीतले पत्र मात्र कोर्टाची पायरी चढले.

लहान प्रकाशकाला अशा सोबतीची गरज का पडते, हे त्याचा हिशेब पाहिला की कळते. हजार प्रतींची आवृत्ती, कागद उधारीवर, बांधणीवाल्याचे निम्मे पैसे द्यायचे राहिलेले, आणि विक्रेत्यांनी धसका घेऊन परत पाठवलेले गठ्ठे जिन्याखाली रचलेले. खटल्याचा निकाल बाजूने लागला तरी तोवर दोन दिवाळ्या उलटलेल्या असतात. त्यात १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छापखान्याचे ठिकाण छापणे सक्तीचे केले होते. दीडशे वर्षांनंतर, २०२३ च्या नव्या कायद्यातून पुस्तके वगळली गेली. पण श्रेयपानावर नाव आले की आपणही गोत्यात येऊ, ही भीती छापखानेवाल्याच्या अंगात मुरली आहे. पुष्कळदा लेखक आणि प्रकाशक ठाम असतात, आणि ‘साहेब, आमचं नाव नको’ म्हणत छापायला दिलेले फर्मे (छपाईसाठी जुळवलेली पाने) परत येतात.

राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) ने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले असून १९(२) मध्ये त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणे आहेत. पुस्तक सरकारजमा करण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. अशा आदेशाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्या पुस्तकात हितसंबंध असलेल्या कोणालाही हा मार्ग खुला आहे, आणि एकजुटीच्या दृष्टीने कायद्यातली हीच जागा सर्वांत मोलाची. शिवचरित्रावरील एका परदेशी अभ्यासकाचे पुस्तक त्याच्या बलाढ्य प्रकाशकाने २००३ मध्येच बाजारातून काढून घेतले, आणि महाराष्ट्र शासनाने पुढच्या वर्षी त्यावर बंदी घातली. तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले ते कार्यकर्ते. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. मोठे भांडवल असले की पाठीचा कणाही मोठा असतो, हा समज यातून टिकत नाही.

जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय प्रकाशक संघ १८९६ पासून आहे. स्वतंत्र प्रकाशकांची वेगळी आंतरराष्ट्रीय आघाडी २००२ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. जंगलात जशी जैवविविधता तशी पुस्तकांच्या बाजारात ग्रंथविविधता हवी, ही चिलीतील प्रकाशकांनी पुढे आणलेली कल्पना तिने उचलून धरली.

बडोद्याच्या मराठी ग्रंथव्यवहाराची घडण मात्र निराळी, राजाश्रयाची. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी मराठी-गुजराती ग्रंथांसाठी २ लाख रुपयांचा निधी काढला आणि त्यातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ उभी राहिली. दामोदर सावळाराम यंदे यांच्यासारखा उद्यमी प्रकाशक-संपादकही याच संस्थानी वातावरणात वाढला. राजाश्रयाचे गुण अनेक, पण दाता उदार असला की भांडायची सवय लागत नाही. संस्थान विलीन झाल्यावर मराठी पुस्तकांचे केंद्र पुण्या-मुंबईकडेच राहिले, आणि आज बडोदेकर मराठी वाचकाची बहुतेक पुस्तके तिकडून येतात. उलट गणेश देवी यांनी इथे उभारलेल्या भाषा संशोधन व प्रकाशन केंद्राने आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांच्या भाषांतून छापण्याचे काम हाती घेतले. ज्या भाषांना बाजारच नाही, त्यांना दाबायला बंदीचीही गरज पडत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले. संमेलनाच्या नगरीला सयाजीरावांचेच नाव होते. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी त्या व्यासपीठावरून अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संकोचाबद्दल राज्यकर्त्यांना ‘राजा, तू चुकत आहेस’ असे सुनावले.