नगरसेवकाच्या सहीने रस्ता होतो का?

रस्ता उखडला की ‘नगरसेवकाने नुसती सही केली तर उद्या काम सुरू होईल’ असे सर्रास म्हटले जाते. या समजुतीला कायद्याचा आधार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि निवडून आलेल्या सदस्यांचे अधिकार सभागृहात व समित्यांत, सामूहिक ठरावाच्या रूपानेच वापरले जातात. (मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे, तत्त्व मात्र हेच.) एकट्या नगरसेवकाला अभियंत्यावर हुकूम सोडता येत नाही.

मग तो निरुपयोगी ठरतो का? मुळीच नाही. सभागृहात प्रशासनाला प्रश्न विचारणे, अंदाजपत्रकाच्या चर्चेत प्रभागाची गरज मांडून तरतूद पदरात पाडून घेणे आणि १६ सदस्यांच्या स्थायी समितीवर निवड झाल्यास खर्चाचे प्रस्ताव बारकाईने तपासणे, ही त्याची खरी हत्यारे आहेत. ती फलकांवर झळकत नाहीत, इतकेच. किंबहुना ‘अमुक यांच्या प्रयत्नांतून’ अशा पाट्यांनीच हा गैरसमज पोसला, असे माझे मत आहे. ज्याला ‘नगरसेवक निधी’ म्हणतात, तोही त्याच्या हाती पडत नाही: तो कामे सुचवतो, निविदा आणि देयके प्रशासनच काढते.