आधी थांबायला शिकू: गुलमर्गला पहिल्यांदा स्कीइंगला येणाऱ्या आमच्या पाहुण्यांसाठी

नाव नोंदवताना बहुतेक जण विचारतात, "पहिल्याच दिवशी गोंडोलाने (केबल कारने) वर नेणार ना?" नाही. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. पहिले दोन दिवस आपण तिथल्याच सौम्य उतारांवर असतो, आणि पहिली अख्खी सकाळ थांबायला शिकण्यात जाते. हा आग्रह आम्ही कुणासाठीही सोडत नाही.

थांबण्याची पहिली पद्धत म्हणजे स्नोप्लाऊ. दोन्ही स्कींची पुढची टोकं जवळ आणायची, पण एकमेकांवर चढू द्यायची नाहीत. गुडघे किंचित वाकवून टाचा बाहेर ढकलायच्या. स्कींची पाचर होते, आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. पाचर जितकी रुंद, तितका ब्रेक जास्त. लहान मुलांना "पिझ्झाचा तुकडा कर" म्हटलं की लगेच जमतं.

गडकिल्ले फिरलेल्यांना एक सवय मोडावी लागते. घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे टाकतो. स्कीवर तसं केलं की पुढच्या टोकांवरचा भार जातो, स्की ऐकेनाशी होते आणि वेग वाढतो. भीती वाटेल तेव्हासुद्धा नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली हवी. पहिल्या दिवशी हे सगळ्यांनाच उलटं वाटतं.

वळता यायला लागलं की दोन्ही स्की समांतर ठेवून उताराला आडव्या करून थांबायला शिकवतात. त्याची घाई नको. सकाळी रात्रीचा गोठलेला बर्फ टणक असतो, त्यावर कडा सहज निसटतात.

वेग आवरेनासा झाला तर चढाच्या बाजूला, कुशीवर बसा. हात मागे टेकू नका, मनगट दुखावतं. पडताना पोल (हातातली काठी) सोडून द्या. मुठीत राहिला तर अंगठा मुरगळतो.

थांबायचं ते वाटेच्या कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल असं. उंचवट्याच्या आडोशाला कधीही नाही. आणि पुढे असलेल्याला सांभाळणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी, हा जगभरच्या उतारांवरचा नियम आहे.

गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. तिथले उतार तीव्र आहेत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. नवशिक्यांना आम्ही तिथे स्की घेऊन नेत नाही. हवामान चांगलं असेल तर डोंगर बघायला जरूर जाऊ.

जीन्स आणू नका, भिजली की वाळत नाही. मोज्यांचा एकच लोकरी जोड घाला. दोन घातले तर पाय बुटात हलतो आणि पोटऱ्या दुखतात. ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, कारण बर्फावरून ऊन परत अंगावर येतं.

अर्जात वजन आणि उंची अगदी खरी लिहा, संकोच नको. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा म्हणून बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, ताण त्यावरून ठरवतात. वजन जास्त लिहिलं तर बूट वेळेवर सुटत नाही आणि गुडघ्याला इजा होते. कमी लिहिलं तर उतारावरून जाता जाताच स्की निघून येते.