'दुआ में याद रखना': एका निरोपामागचा इतिहास

हजचा मोसम आला की मुंबईतल्या मुस्लिम मोहल्ल्यांत निरोपाची गर्दी सुरू होते. हाजींच्या गळ्यात हार पडतात आणि भेटायला आलेला जो तो हात हातात घेऊन एकच सांगतो, "दुआ में याद रखना." कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसतं, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असते. इतकं सगळं लक्षात कुठलं राहायला! म्हणून पुष्कळ हाजी नावांची यादीच सोबत नेतात आणि मक्केजवळच्या अरफातच्या मैदानात ती काढून वाचतात.

हे मागणं फार जुनं आहे. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, सातव्या शतकातला एक घरगुती प्रसंग आहे. सफवान नावाचे गृहस्थ शाममध्ये, म्हणजे आजच्या सीरियाच्या भागात, सासऱ्यांच्या घरी जातात. सासरे अबू दरदा घरी नसतात, सासूबाई उम्म दरदा असतात. त्या विचारतात, "यंदा हजला जाताय ना?" हो म्हटल्यावर म्हणतात, "मग आमच्यासाठी दुआ करा." कारणही सांगतात. आपल्या भावासाठी त्याच्या पाठीमागे केलेली दुआ कबूल होते, दुआ करणाऱ्याच्या डोक्याशी एक फरिश्ता म्हणजे देवदूत असतो आणि तो म्हणतो, "आमीन, तुलाही तेच मिळो." सफवान तिथून बाजारात जातात, तर तिथे भेटलेले अबू दरदाही पैगंबरांचं हेच वचन ऐकवतात.

मराठीत आपण नमाज आणि दुआ या दोन्हींना 'प्रार्थना' म्हणून मोकळे होतो. नमाज ही वेळ, दिशा, हालचाली ठरलेली इबादत म्हणजे उपासना. दुआ म्हणजे मागणं, कधीही आणि कुठल्याही भाषेत. पण नमाजच्या आतही दुसऱ्यांसाठीचं मागणं आहेच. सुरुवातीला लोक नमाजच्या बैठकीत अल्लाहला, जिब्रील या फरिश्त्याला, नावं घेऊन सलाम म्हणत. पैगंबरांनी ते बदललं: "आमच्यावर आणि अल्लाहच्या सर्व सदाचारी बंद्यांवर सलाम" असं म्हणा, म्हणजे तो आकाशातल्या आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक सदाचारी बंद्याला पोहोचेल. ते शब्द आजही रोजच्या नमाजमध्ये आहेत. साधी शिंक आली तरी शिंकणारा 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणजे 'अल्लाहची स्तुती असो' म्हणतो, ऐकणारा 'यरहमुकल्लाह' म्हणजे 'अल्लाह तुझ्यावर दया करो' म्हणतो आणि शिंकणारा उलट त्याच्यासाठी दुआ करतो.

मग दुआ करायची कुणासाठी? कुराणाच्या नवव्या सूरेत म्हणजे अध्यायात अनेकेश्वरवाद्यांसाठी, ते नरकाचे धनी आहेत हे स्पष्ट झाल्यावर, मगफिरत म्हणजे क्षमा मागायला मनाई आहे, मग ते नातलग का असेनात. हिदायत म्हणजे योग्य मार्ग मिळणं आणि आजारातून बरं होणं या मागण्या मात्र वेगळ्या. दौस टोळी ऐकत नाही म्हणून तिला शाप द्या, असं लोक म्हणाले तेव्हा पैगंबरांनी "अल्लाह, दौसला हिदायत दे" असं मागितलं. दुसरी हकीकत प्रवासात निघालेल्या सहाबांची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांची. ज्या टोळीने त्यांचा पाहुणचार नाकारला, तिच्याच म्होरक्याला विषारी दंश झाला. एका सहाबींनी कुराणाचा पहिला अध्याय अल-फातिहा म्हणून त्याच्यावर फुंकर घातली, तो बरा झाला आणि मोबदल्यात मेंढ्या मिळाल्या. मुंबईत मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजनंतर मशिदीच्या दाराशी तान्ही बाळं कडेवर घेऊन बायका उभ्या असतात, हातात पाण्याची बाटली. बाहेर पडणारे नमाजी जाता जाता फुंकर मारतात. त्या बायकांत हिंदूही असतात. ही दुआ शिफाची, म्हणजे बरं होण्याची असते, आणि तिथे कुणी धर्म विचारत बसत नाही.

खरा वाद झाला तो दुआ मागायला सांगायचं कुणाला, यावरून. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी पैगंबरांचे चुलते अब्बास यांना पुढे करून पाऊस मागितला. धर्मपंडित इब्न तैमिया (मृत्यू 1328, दमिश्कच्या किल्ल्यात कैदेत) यांचा युक्तिवाद असा, की पैगंबर हयात नव्हते म्हणून तर अब्बासांना पुढे केलं; म्हणजे दुआ करायला सांगावं ते जिवंत माणसाला. दर्गा मानणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते वली म्हणजे संत कबरीतूनही मध्यस्थी करतात. मुंबई पोलीस ज्या माहीमच्या उरुसात मानाने चादर घेऊन जातात, त्या सूफी संत मखदूम अली माहिमींच्या (1372–1431) दर्ग्यातल्या नवसांकडे बघायच्या या दोन नजरा आहेत. भारतीय सुन्नींमधल्या देवबंदी आणि (दर्गे मानणाऱ्या) बरेलवी या दोन प्रवाहांच्या भांडणातही हा मुद्दा सारखा येतो.

मृतासाठीच्या दुआला मात्र कुणाचीच ना नाही. जनाजाची नमाज उभ्यानेच होते. रुकू (कमरेत वाकणं) नाही, सजदा (कपाळ टेकणं) नाही, चार तकबीर म्हणजे चारदा 'अल्लाहु अकबर' आणि मृतासाठी मागणं. हबश देशाचा (आजच्या इथिओपियाच्या भागाचा) राजा नजाशी वारला तेव्हा पैगंबरांनी मदीनेत रांगा लावून ती पढली, मय्यत समोर नसताना. सुन्नींच्या शाफई पंथाने यावरून अशी 'गायबाना' नमाज मान्य केली. दुसऱ्या, हनफी पंथाने तो प्रसंग नजाशीपुरता ठेवला. महाराष्ट्रात घाटावरचे बहुतेक सुन्नी हनफी आहेत, कोकणी मुसलमान शाफई. त्यामुळे आखातात नोकरीला गेलेला माणूस तिकडेच वारला आणि तिकडेच दफन झाला, तर रत्नागिरीकडच्या गावातले लोक त्याच्यासाठी इथे रांगा लावू शकतात.