एकला येथील लघुलहरी केंद्र : ‘रेडिओ सिलोन’ भारतभर कसे पोहोचले

१९५० आणि १९६० च्या दशकांत महाराष्ट्रातल्या ज्या घरांत रेडिओ होता, तिथे बहुधा खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तारेच्या जाळीची लांब पट्टी ताणलेली असे. ही रेडिओची एरियल. बुधवारची रात्र आली की घरातले कोणीतरी जाणते माणूस रेडिओसमोर बसून लघुलहरींच्या पट्ट्यावर काटा केसभर पुढे, केसभर मागे करत राही, आणि खरखरीतून ‘बिनाका गीतमाला’चे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज वर आला की बाकीचे सरसावून बसत. ‘रेडिओ सिलोन’ची ही आठवण अनेकांनी लिहिली आहे, मात्र ती जवळजवळ नेहमी गाण्यांची आणि निवेदकांची आठवण असते. हे गाणे समुद्रापलीकडून नाशिक-नागपूरपर्यंत कशाच्या बळावर येत होते, ते कोलंबोजवळच्या एकला गावातले प्रक्षेपण केंद्र कोणी, कधी आणि कोणत्या हेतूने उभारले होते, हा भाग तिच्यात क्वचितच येतो. वास्तविक या केंद्राचा इतिहास समजल्याशिवाय पुढच्या लोकप्रियतेचा उलगडा होत नाही.

सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, नभोवाणीची सुरुवात बरीच लवकर झाली. तार खात्याचे मुख्य अभियंता एडवर्ड हार्पर यांनी १९२३ मध्ये कोलंबोच्या मध्यवर्ती तार कार्यालयातल्या एका लहानशा खोलीतून ग्रामोफोनच्या तबकड्या प्रायोगिक स्वरूपात प्रक्षेपित केल्या. त्यासाठीचा प्रक्षेपक त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धात पकडलेल्या एका जर्मन पाणबुडीवरील बिनतारी यंत्राचे सुटे भाग जोडून बनवला होता. डिसेंबर १९२५ मध्ये ‘कोलंबो रेडिओ’ नियमितपणे सुरू झाला. तो मध्यमलहरींवर चाले आणि त्याची धाव बेटापुरतीच होती.

बेटाबाहेर पोहोचण्याची ताकद आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आधिपत्याखाली १९४३ मध्ये दोस्तराष्ट्रांची आग्नेय आशिया कमांड (साउथ ईस्ट एशिया कमांड, म्हणजे ‘सीॲक’) स्थापन झाली आणि १९४४ मध्ये तिचे मुख्यालय कँडी येथे आले. ब्रह्मदेश आणि भारतात पसरलेल्या लाखो सैनिकांसाठी बातम्या आणि करमणूक हवी होती, म्हणून कोलंबोहून ‘रेडिओ सीॲक’ ही लष्करी नभोवाणी सुरू करण्यात आली. तिचा आरंभीचा प्रक्षेपक ७.५ किलोवॅटचा होता आणि एवढ्या विस्तृत प्रदेशाला तो पुरणारा नव्हता. त्यामुळे कोलंबोच्या उत्तरेस जा-एलाजवळ एकला येथे मार्कोनी कंपनीचा १०० किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक बसवण्याचे ठरले. मात्र एवढे अवजड यंत्र युद्धकाळात घडवून, समुद्रमार्गे आणून उभे करण्यात वेळ गेला आणि तो प्रत्यक्ष कामाला लागला तेव्हा १९४६ साल उजाडले होते. जपानने शरणागती पत्करूनही काही महिने उलटले होते. घरी परतण्याची वाट पाहणारे सैनिक पूर्वेकडे अजून होते, त्यामुळे यंत्र वाया गेले नाही, पण ज्या युद्धासाठी ते मागवले होते ते संपले होते. ब्रिटनमध्ये पुढे निवेदक म्हणून नाव कमावणारे डेव्हिड जेकब्ज यांनी याच नभोवाणीवर काम केले होते.

येथे थोडे थांबून लघुलहरींचे वागणे पाहिले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून जातात आणि अंतर वाढेल तशा क्षीण होतात. लघुलहरी मात्र आकाशाच्या दिशेने सोडल्या जातात, सुमारे अडीचशे ते साडेतीनशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होतात आणि शेकडो किंवा हजारो किलोमीटर दूर जमिनीवर उतरतात. केंद्र आणि लहरी उतरण्याचे ठिकाण यांच्या मध्ये एक मूक पट्टा राहतो, म्हणजे केंद्राच्या जवळच्या गावाला जे धड ऐकू येत नाही ते हजार किलोमीटरवर स्वच्छ ऐकू येते. एका झेपेत साधारण साडेतीन-चार हजार किलोमीटरपर्यंतचे अंतर कापता येते. कोलंबो ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर आणि कोलंबो ते दिल्ली सुमारे अडीच हजार किलोमीटर आहे. जवळजवळ अख्खा भारत एकला येथील केंद्राच्या एका झेपेत बसत होता! दुसरी झेप घ्यावी लागली असती तर लहरी वाटेत जमिनीवर आपटून दुबळ्या झाल्या असत्या, ती वेळच या प्रदेशावर आली नाही. दिवसा वरच्या कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) २५ मीटरचा पट्टा आणि अंधार पडल्यावर ४१ मीटरचा पट्टा अशी विभागणी केली की सकाळ-संध्याकाळ दोन्ही साधत. आवाज मधूनच लाटेसारखा दूर जाऊन परत येई, तोही आयनांबराच्या हालचालींचाच परिणाम होता.

फेब्रुवारी १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाले आणि १९४९ मध्ये ही लष्करी नभोवाणी यंत्रसामग्रीसह नव्या सरकारच्या हाती आली. ‘रेडिओ सिलोन’ला एवढा मोठा प्रक्षेपक आयता मिळाला, पण तो चालवण्याचा खर्च छोट्या देशाला झेपणारा नव्हता. वाट निघाली ती जाहिरातींची. कोलंबो योजनेखाली, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या विकास-साहाय्य योजनेखाली, ऑस्ट्रेलियातून आलेल्या क्लिफर्ड डॉड यांच्या देखरेखीखाली ३० सप्टेंबर १९५० रोजी व्यापारी विभाग सुरू झाला आणि भारतीय श्रोता हा त्याचा मुख्य ग्राहक ठरला. पुढे अमेरिकेशी झालेल्या करारानुसार ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चे कार्यक्रम पुनःप्रक्षेपित करण्याच्या बदल्यात ३५ किलोवॅटचे आणखी तीन प्रक्षेपक मिळाले.

भारतातली परिस्थिती या व्यवहाराला अनुकूल होती. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला आकाशवाणीची फक्त सहा केंद्रे आली होती आणि त्यांचे प्रक्षेपण देशाच्या जेमतेम अडीच टक्के क्षेत्रफळापर्यंत पोहोचत होते. आजच्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्या सहांत एकटी मुंबई होती. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी आणि पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. खानदेश, मराठवाडा, कोकण या भागांत दिवसा मध्यमलहरींवर फारसे काही लागतच नसे. आकाशवाणीने गाणी लावली असती तरी ती तिथे स्वच्छ पोहोचली नसती, ही गोष्ट चित्रपटगीतांवरून झालेल्या पुढच्या वादात बहुतेक जण विसरतात.

तो वाद १९५२ मध्ये झाला. त्या वर्षी माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर मूळचे पुण्याचे. चित्रपटसंगीताने जनतेची अभिरुची बिघडते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वाटा कमी केला आणि चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जाहिरात करणे ठरवून ते उच्चारण्यास मनाई केली, तेव्हा निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली आणि थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीते नाहीशी झाली. या निर्णयासाठी केसकरांना आजही दोष दिला जातो. तो काही अंशी योग्यही आहे, पण शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला आणि अनेक थोर गायक-वादक त्यामुळे घराघरांत पोहोचले, हेही त्याच दमात सांगायला हवे.

सिलोनने ही पोकळी तत्काळ भरून काढली. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, ‘बिनाका गीतमाला’ हा चित्रपटगीतांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. त्याचे ध्वनिमुद्रण कोलंबोत होत नसे. ते मुंबईत, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारातील ध्वनिमुद्रण कक्षात होई, फिती दर आठवड्याला विमानाने कोलंबोला जात आणि तिथून एकला येथील प्रक्षेपकावर चढत. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओत तयार झालेले गाणे आणि मुंबईतच मुद्रित झालेले निवेदन दीड हजार किलोमीटर दक्षिणेला जाऊन आयनांबरावरून पुन्हा मुंबईत उतरत होते. सकाळचे प्रक्षेपण थेट कोलंबोच्या स्टुडिओतून होई. त्यात साडेसात ते आठ जुन्या चित्रपटगीतांची वेळ असे, आणि शेवटचे गीत कुंदनलाल सैगल यांचे असायचे. ते संपले की आठ वाजले, हे घड्याळाकडे न बघता कळे.

भारत सरकारने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केली. ती ऐकवण्यासाठी मुंबई आणि मद्रासचे लघुलहरी प्रक्षेपक वापरले गेले, म्हणजे सिलोनला उत्तर सिलोनच्याच साधनाने दिले गेले. जाहिराती मात्र तिच्यावर यायला आणखी दहा वर्षे लागली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांची सुरुवात झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. सिलोनच्या उत्पन्नाचा मूळ झरा तिथून आटू लागला. मध्यमलहरींची केंद्रे वाढली, ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, पुढे एफएम आले आणि खरखरीतून गाणे शोधण्याची गरज उरली नाही. १९८९ मध्ये ‘गीतमाला’ही विविध भारतीवर आली.

दरम्यान, १९८४ मध्ये जर्मनीच्या ‘डॉइचे वेले’ने श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमाली येथे आपले पुनःप्रक्षेपण केंद्र सुरू केले होते. २५० किलोवॅटचे त्याचे लघुलहरी प्रक्षेपक एकला येथील जुन्या यंत्रांच्या कितीतरी पुढचे होते. लघुलहरींवरचे काम आवरते घेताना जर्मनीने ते केंद्र २०१३ च्या प्रारंभी श्रीलंका नभोवाणी महामंडळाकडे सोपवले. जर्मन पाणबुडीच्या सुट्या भागांवर हार्पर यांनी पहिली तबकडी वाजवली, त्याला तेव्हा नव्वद वर्षे होत होती.