ब्रिटनमधील डॉक्टर आणि रुग्णालय व्यवस्थापक : तणावाची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टर आणि व्यवस्थापक यांच्यातील तणावाचे खापर बहुधा पैशाच्या टंचाईवर फोडले जाते. माझ्या मते त्याचे मूळ सेवेच्या स्थापनेवेळी झालेल्या तडजोडीत आहे. ५ जुलै १९४८ रोजी रुग्णालये सरकारच्या ताब्यात आली, परंतु तज्ज्ञ डॉक्टरांचा विरोध मावळावा म्हणून आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्यांना खासगी व्यवसायाची मुभा आणि उपचारांबाबत स्वातंत्र्य दिले. वैद्यकीय शिक्षण देणारी रुग्णालये वगळता तज्ज्ञांचा नोकरीचा करारही रुग्णालयाशी नव्हे, तर प्रादेशिक मंडळाशी असे. त्यामुळे कोणाला दाखल करायचे आणि कोणत्या तपासण्या करायच्या, म्हणजेच पैसा कुठे जाणार, हे डॉक्टर ठरवत आणि हिशेब मात्र प्रशासकाला द्यावा लागे.

१९७४ च्या पुनर्रचनेत डॉक्टर, परिचारिका आणि प्रशासक यांचे एकमताने निर्णय घेणारे व्यवस्थापन गट आले. त्यांत प्रत्येक सदस्याला नकाराधिकार असल्याने अवघड प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. सेन्सबरीज या दुकानसाखळीचे रॉय ग्रिफिथ्स यांनी ऑक्टोबर १९८३ च्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले : आज फ्लॉरेन्स नाइटिंगेल दिवा घेऊन फिरल्या असत्या, तर जबाबदार माणूस कोण हेच त्या शोधत राहिल्या असत्या. त्यानंतर सर्वाधिकारी व्यवस्थापक नेमले गेले. डॉक्टरांनी या पदांवर यावे, अशी ग्रिफिथ्स यांची इच्छा होती, पण बहुतेक जागा जुन्या प्रशासकांकडेच गेल्या आणि दुरावा वाढला. लंडनच्या गाइज रुग्णालयाने १९८५ मध्ये विभागाचे अंदाजपत्रक डॉक्टरांच्याच हाती देऊन वेगळी वाट दाखवली, ती पुढे इतरत्रही स्वीकारली गेली.

१९९१ पासून रुग्णालये स्वायत्त न्यास होऊ लागली आणि तज्ज्ञांचे करारही त्यांच्याकडे आले. तरीही डॉक्टर व्यवस्थापक झाला की त्याची निष्ठा कोणाशी, हा प्रश्न सुटलेला नव्हता. त्याचे उत्तर ब्रिस्टलमध्ये फार मोठी किंमत मोजून मिळाले. तेथील बालहृदयशस्त्रक्रियांतील मृत्यूंबद्दल भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन सावध करत राहिले, परंतु मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन रॉयलान्स, जे स्वतः डॉक्टर होते, त्यांनी वेळीच हस्तक्षेप केला नाही. १९९८ मध्ये वैद्यक परिषदेने त्यांची नोंदणी रद्द केली. आपण केवळ प्रशासक होतो, हा बचाव प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे तेव्हा अशी अपिले ऐकणाऱ्या न्यायपीठानेही, पुढच्या वर्षी फेटाळला. स्टॅफर्ड रुग्णालयातील हेळसांडीबाबतच्या २०१३ च्या फ्रान्सिस अहवालाने मात्र दोन्ही बाजूंना दोष दिला : व्यवस्थापन आकड्यांत आणि उद्दिष्टांत गुंतले होते आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी व्यवस्थापनातून अंग काढून घेतले होते.