‘पहिली महिला’ लिहावे की नाही? एका वादाची पार्श्वभूमी

गौरव करताना त्या व्यक्तीचे लिंग, संसार, खासगी आयुष्य यांचा उल्लेख करावा का, हा वाद जुनाच. १९०३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी गेलेल्या एका शिफारशीत संशोधक दांपत्यापैकी फक्त पतीचे नाव होते. १९११ मध्ये पत्नीला दुसरे नोबेल जाहीर झाले, तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्या खासगी आयुष्यावर गदारोळ चालू होता. समारंभाला येऊ नका, असे तिला सुचवण्यात आले. पारितोषिक रेडियम आणि पोलोनियमच्या शोधासाठी आहे, त्याचा माझ्या खासगी आयुष्याशी संबंध नाही, असे कळवून ती गेलीच. १९६४ मध्येही एका ब्रिटिश दैनिकाचा मथळा ‘गृहिणीला नोबेल’ अशाच थाटाचा होता.

आजचा वाद मात्र मार्च २०१३ चा. उपग्रह कक्षेत ठेवणारे इंजिन विकसित करणाऱ्या एक अभियंता वारल्या. एका अमेरिकी दैनिकाच्या मृत्युलेखात आधी त्यांच्या हातच्या एका पदार्थाची तारीफ, मग नवऱ्याच्या नोकरीमागे केलेली गावे, मुलांसाठी सोडलेली आठ वर्षे, रॉकेट त्यानंतर. टीका झाल्यावर पहिले वाक्य बदलले गेले. योगायोग असा, की त्याच महिन्यात एका विज्ञान-पत्रकार महिलेने स्त्री शास्त्रज्ञांवरच्या लेखांसाठी सात मुद्द्यांची कसोटी मांडली होती: ती स्त्री आहे, नवरा काय करतो, मुले कोण सांभाळते वगैरे लिहायचे नाही. ‘असे करणारी पहिली महिला’ हेही नाही.

घोडे अडले ते इथेच. गणितातले सर्वांत मानाचे एक पदक १९३६ पासून दिले जाते. ते स्त्रीला मिळायला २०१४ उजाडले. ‘पहिली’ गाळले, तर मधली ७८ वर्षेही गाळली जातात. हा शब्द पदक घेणारीपेक्षा देणाऱ्यांबद्दल जास्त सांगतो. तो राहावा, पण मथळ्यात नको, प्रमेयाच्या खाली कुठेतरी, असे मला वाटते. (‘अमक्यावर मात करून’ ही अपंग खेळाडूंच्या बातम्यांतली ठरलेली सुरुवातही तिथेच जावी.)

मराठीत ही कसोटी जशीच्या तशी पाळताच येत नाही. ‘शोध लावला’ इथवर निभावते, कारण क्रियापद शोधाप्रमाणे चालते. ‘म्हणाली’, ‘निवडून आली’ येताच सारे उघड. मग वर आणखी ‘महिला शास्त्रज्ञ’ कशाला?

‘पहिला’चा गोंधळ दुसऱ्या बाजूनेही होतो. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये टेनिसचे दुसरे सुवर्ण जिंकलेल्या पुरुष खेळाडूला मुलाखतकार म्हणाला, अशी दोन पदके मिळवणारी तुम्ही पहिलीच व्यक्ती. खेळाडूने तिथल्या तिथे दोन टेनिसपटू बहिणींची नावे घेतली: त्यांच्याकडे प्रत्येकी चारेक आहेत.