हार्ड ल्युअरचं ऋतुमान कुठून आलं: अमेरिकेतला बास, मुंबईतली मरळ

हार्ड ल्युअर, म्हणजे लाकडाचं किंवा प्लास्टिकचं कडक कृत्रिम आमिष, विकत घेताना त्यासोबत बहुधा एक सल्लाही मिळतो. थंडीत जर्कबेट (झटके देत ओढायचा लांबट ल्युअर) थांबवत थांबवत ओढा, वसंतात लाल रंगाचा खुळखुळणारा लिपलेस (लिप, म्हणजे तोंडापुढची पट्टी, नसलेला ल्युअर) वापरा, उन्हाळ्यात लांब लिपचा क्रँकबेट (लिपमुळे डुलत खाली उतरणारा फुगीर ल्युअर) खोल उतरवा, पानगळीत परत उथळ या. हा सल्ला अमेरिकेतल्या तलावांतल्या लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी तयार झाला आहे. मुंबईच्या तलावांत बासची वस्ती नाही. इथे ल्युअरवर धावणारा गोड्या पाण्यातला मुख्य मासा म्हणजे मरळ, आणि खाडीत जिताडा व तांबोशी. म्हणून तो सल्ला टाकून द्यावा असं मात्र नाही. प्रत्येक ल्युअर एका ठरावीक तापमानाच्या, ठरावीक खोलीच्या पाण्यातली एक ठरावीक अडचण सोडवायला घडला. ती अडचण कोणती हे माहीत असलं, की आपल्या पाण्यात काय उपयोगी पडेल आणि काय डब्यात राहील हे नीट ठरवता येतं.

सुरुवातीच्या काळात ऋतूंचा विचार जवळजवळ नव्हता. व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्युएलने 1852 मध्ये गरगर फिरणाऱ्या धातूच्या आमिषाचं पेटंट घेतलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावचे मधमाशीपालक जेम्स हेडन लाकडाचे बेडूक आणि मासे कोरू लागले. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचा झारा स्पूक हा नाक डावीकडे-उजवीकडे टाकत चालणारा ल्युअर आजही विकला जातो. फ्रेड आर्बोगास्ट यांचा जिटरबग 1938 चा. त्याची रुंद धातूची लिप पाण्यावर डुलत ‘प्लॉप-प्लॉप’ आवाज करते. हे दोन्ही ल्युअर पृष्ठभागावरचे. मासा वर येत असेल तेव्हाच ते चालत. त्याही काळात, 2 जून 1932 रोजी, जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी 22 पौंड 4 औंसांचा बास क्रीक चब कंपनीच्या ल्युअरवर पकडला. तो विक्रम आजही कोणी स्पष्टपणे मोडलेला नाही.

खरा बदल फिनलंडमधून आला. लाउरी रापाला यांनी 1936 मध्ये चांभाराच्या सुरीने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चंदेरी वेष्टनं चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. भक्षक मासा थव्यातल्या नेमक्या त्या लंगडणाऱ्या, बाजूला कलणाऱ्या माशावर का धावतो, हे त्यांनी जाळी टाकताना पाहिलं होतं, आणि तीच चाल ल्युअरमध्ये आणायची होती. पुढे बुचाच्या जागी बाल्सा लाकूड आलं. बाल्सा इतकं हलकं, की जरा ओढलं तरी अंग थरथरतं आणि ओढ थांबली की लगेच वर उठतं. 1962 मध्ये लाइफ मासिकात त्यावर लेख आला आणि अमेरिकेत मागणी पुरवता येईना. बाल्साची उणीव अशी, की वजन कमी म्हणून वाऱ्याविरुद्ध फेक जात नाही आणि खडकावर आपटलं की फुटतं. त्याच वर्षी अर्कान्सामधून रेबेल कंपनीचा पोकळ प्लास्टिकचा मिनो (बारक्या माशाच्या आकाराचा ल्युअर) आला. प्लास्टिकमुळे प्रत्येक नग सारखा झाला, आत छर्रे घालता आले. ल्युअरचं वजन कुठे बसवायचं हे कारखान्यात ठरू लागलं, आणि पुढची सगळी प्रगती त्यावर उभी आहे.

त्याच सुमारास बासचं घरही बदलत होतं. 1933 मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी ही धरणं बांधणारी सरकारी संस्था स्थापन झाली. तिने आणि नंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने शेकडो मैलांच्या दऱ्या अडवून जलाशय केले. त्यांत उभी झाडं, कुंपणं, रस्ते बुडाले. अशा पाण्यात उघडे ट्रेबल (तीन टोकांचे) हूक असलेला ल्युअर पहिल्याच फांदीत अडकतो. टेनेसीच्या फ्रेड यंग यांनी बाल्साचा फुगीर ‘बिग ओ’ कोरला, त्याला चौकोनी लिप होती. चौकोनी कोपरा फांदीला आधी लागतो, ल्युअर कलंडून बाजूला उसळतो आणि हूक फांदीपासून दूर राहतात. त्या उसळीवरच मासा झडप घालतो. 1970 च्या दशकात कॉटन कॉर्डेल यांनी तो प्लास्टिकमध्ये आणला. स्क्वेअरबिल, म्हणजे चौकोनी लिपच्या, क्रँकबेटचं मूळ ते. लाकडांपासून वाचवत ओढला तर हा ल्युअर निम्मा वाया जातो. तो मुद्दाम आपटत आणायचा असतो.

ऋतूनुसार ल्युअर ही पद्धत मात्र बास पकडण्याच्या स्पर्धांनी रुजवली. रे स्कॉट यांनी 1967 मध्ये अर्कान्साच्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली, आणि पैशांसाठी मासे पकडणारे लोक पाण्याचं तापमान, खोली, गढूळपणा यांच्या नोंदी ठेवू लागले. खोली दाखवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रं त्याआधीच बोटींवर आली होती. त्यामुळे कळलं, की उन्हाळ्यात तलावाचं पाणी थरांत विभागतं, तळाच्या थरात प्राणवायू संपतो, आणि मोठे बास त्या सीमेच्या थोडं वर, 15 ते 20 फुटांवर थांबतात. म्हणून लांब, आडव्या लिपचे खोल क्रँकबेट आले.

थंडीचा जर्कबेट दुसऱ्या निरीक्षणातून आला. दक्षिणेकडच्या जलाशयांतले थ्रेडफिन शॅड हे बारके मासे पाणी फार गारठलं की मरू लागतात. मरता मासा पोहत नाही. तो पाण्यात अधांतरी लटकतो आणि मध्येच झटका देतो. ओझार्क या अमेरिकेतल्या डोंगराळ भागातले लोक स्मिथविक कंपनीच्या ‘रोग’ नावाच्या तरंगणाऱ्या जर्कबेटला शिसं चिकटवून किंवा भोक पाडून त्यात वजन भरून तो पाण्यात जागच्या जागी थांबेल असा करत. दोन झटके, मग दहा-पंधरा सेकंद पूर्ण थांबा. कंपन्यांनी असे सस्पेंडिंग (पाण्यात अधांतरी थांबणारे) ल्युअर तयारच विकायला काढले ते त्यानंतर.

वसंतातला लाल लिपलेस टेक्सासचा. पाणी तापू लागतं तेव्हा गवताच्या पट्ट्यांत तांबूस क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) बाहेर पडतात. ल्युअर गवताला टेकवायचा, झटक्याने सोडवायचा, की खाली घसरताना मासा घेतो. पुढे पाणी 15 ते 20 अंशांवर आलं की बास अंडी घालतो, नर घरट्याची राखण करतो आणि जवळ येणाऱ्या कशावरही धावतो.

या इतिहासातला आणखी एक टप्पा जपानचा. 1925 मध्ये तिथल्या आशी तलावात अमेरिकेतून आणलेले बास सोडले गेले आणि पुढे ते देशभर पसरले. त्या छंदातून जपानी कंपन्या उभ्या राहिल्या. फेकताना शेपटीकडे सरकणारी आणि ओढताना परत पोटात येणारी वजनं त्यांनी इतकी अचूक केली, की आज चांगला जर्कबेट म्हटलं की नाव बहुधा जपानी निघतं. पेरी यांच्या विक्रमाची बरोबरीही 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावातच झाली, ती मात्र जिवंत आमिषावर. स्थानिक माशांचा इतका ऱ्हास झाला, की 2005 पासून जपानमध्ये बास पाळणं, वाहून नेणं, सोडणं कायद्याने बंद आहे. आपल्या तलावांत बास असता तर बरं, असं कुणी म्हणालं तर त्याला हे जरूर सांगावं.

आता मुंबईचं पाणी. इथल्या तलावांचं पाणी जानेवारीतही विशीच्या खाली क्वचितच जातं. म्हणजे बासच्या सल्ल्यातली थंडी इथे येतच नाही, आणि पंधरा सेकंदांचा थांबा इथे बहुतेक वेळा वाया जातो. दोन-तीन सेकंद पुरतात. दुसरी गोष्ट, मरळ हवेतून श्वास घेते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला म्हणून तिला थर शोधत हिंडावं लागत नाही. उलट तिला वर यावंच लागतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये 20 फूट उतरणारा क्रँकबेट मरळीसाठी निरुपयोगी आहे. पाणी आटून काठ उघडे पडलेले असतात, तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी पृष्ठभागावरचा पॉपर (खोलगट तोंडाने पाणी उडवणारा ल्युअर) किंवा जिटरबगसारखा एकसारख्या गतीने चालणारा ल्युअर चालतो. मरळीचा पहिला हल्ला अनेकदा चुकतो. ल्युअर सरळ, त्याच वेगात येत राहिला तर ती दुसऱ्यांदा नेमकी येते. पाणी उसळलेलं दिसताच झटका देऊ नये, दोर ताणला गेल्यावरच द्यावा.

बासच्या वसंताशी जुळणारा आपला काळ म्हणजे पावसाची सुरुवात. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी येतं, वलगणीचे मासे चढतात, आणि मरळही बुडालेल्या गवतात येऊन अंडी घालते. पाणी गढूळ असतं, म्हणून छर्रे असलेला स्क्वेअरबिल किंवा लिपलेस, रंग काळा अथवा पोपटी-पिवळा. पण लालसर पिल्लांचा पुंजका वर येताना दिसला, तर तिथे ल्युअर टाकू नये. खाली राखण करणारी मरळ भुकेने नाही, पिल्लांच्या काळजीने धावते, आणि ती गेली की तो पुंजका इतर मासे काही वेळात संपवतात. अमेरिकेत घरट्यावरच्या बासला पकडावं की नाही यावर जुना वाद आहे. आपल्याकडे तलाव इतके थोडे उरलेत, की वादाला जागा नाही.

पावसानंतर पवईसारख्या तलावात जलपर्णी दाटते. तिथे ट्रेबल हूकचा काहीही उपयोग नाही. हार्ड ल्युअर फक्त मोकळ्या पट्ट्यांत, बाकी जागी रबरी बेडूकच. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी निवळतं, तेव्हा 9 ते 11 सेंटिमीटरचा मिनो बांधाच्या दगडांलगत सावकाश आणावा. पवईत मगरी आहेत, तेव्हा काठावर वाकून मासा सोडवू नये, लांब दांड्याचं हातजाळं ठेवावं. परवान्याचे नियम काठावरच्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनकडे आधी विचारावेत.

सस्पेंडिंग ल्युअर इथे बुडतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. 8 अंशांच्या पाण्यापेक्षा 28 अंशांचं पाणी जवळपास 0.4 टक्क्यांनी विरळ असतं. 14 ग्रॅमच्या ल्युअरला त्यामुळे सुमारे 0.05 ग्रॅम आधार कमी मिळतो, आणि तो हळूहळू खाली जातो. तोच ल्युअर खाडीत नेला तर खाऱ्या पाण्यात एक तृतीयांश ग्रॅमपर्यंत जास्त आधार मिळून वर उठतो. पण याहून मोठा फरक हूक बदलल्याने पडतो. बासच्या ल्युअरचे हूक बारीक तारेचे असतात. जिताडा ते सरळ करतो, म्हणून लोक जाड हूक बसवतात, आणि प्रत्येक हूकमागे काही दशांश ग्रॅम वजन वाढतं. हूक बदलल्यावर ल्युअर बादलीत टाकून पाहावा. बुडत असेल तर पुढचा हूक एक नंबर लहान करावा. मागचा हूक जड झाला तर शेपटी खाली लोंबते आणि थरथर मरते. बाल्साच्या ल्युअरला नुसत्या स्क्रूच्या कड्या असतील तर तो खाडीत नेऊच नये, कडीच उपटून येते. आरपार तार असलेलाच घ्यावा.

ल्युअर एका बाजूला पळत असेल तर त्याचं तोंड आपल्याकडे धरून, तो ज्या बाजूला पळतो त्याच्या विरुद्ध बाजूला नाकाची कडी पक्कडीने केसभर वळवावी आणि पुन्हा ओढून पाहावं. एकदम जास्त वळवली तर कडीभोवतीचं प्लास्टिक तडकतं, पोकळ अंगात पाणी शिरतं आणि छर्ऱ्यांचा आवाज बदलतो. दोर 30 ते 50 पौंडांचा ब्रेडेड (विणलेला) असेल तर स्प्लिट रिंगला (ल्युअरच्या नाकातल्या दुहेरी वेढ्याच्या कडीला) गाठ मारू नये, दोर फटीत घुसून कापला जातो. छोटा गोल स्नॅप (उघडझाप होणारी तारेची कडी) लावावा. खाडीवरून आल्यावर हूक त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन वाळवावेत. पेटी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि रबरी बेडूक हार्ड ल्युअरच्या कप्प्यात ठेवू नये, त्यातलं तेल रंग आणि प्लास्टिक दोन्ही विरघळवतं.